तोंडातलं गाव

१९४१ साल. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. लंडन शहर बाँबहल्ल्यांनी पोळून निघालं होतं आणि बातम्यांच्या वेळी अख्खं इंग्लंड रेडिओभोवती गोळा होत होतं. अशा दिवसांत बीबीसीवरून एक नवा आवाज बातम्या वाचू लागला. विल्फ्रेड पिकल्स हे त्याचं नाव. गाव हॅलिफॅक्स, परगणा यॉर्कशर, म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेचा, गिरण्या-कारखान्यांचा मुलूख. पिकल्स नट होते. इंग्रजी उत्तम होती, पण तोंडात गाव होतं. ‘बाथ’, ‘ग्रास’ या शब्दांतला लंडनकरांचा लांब ‘आ’ ते आखूड करून म्हणत. एकदा रात्री उशिराचं बातमीपत्र संपवताना त्यांनी उत्तरेकडच्या लोकांचा ‘गुड नाइट’ऐवजी तिकडच्या पद्धतीनं ‘गुड नीट’ म्हणून निरोप घेतला.

एवढ्यावरून गहजब झाला. तक्रारीची पत्रं आली, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं निघाली. हा आवाज सामान्य माणसाला आपला वाटावा, असा सरकारी हेतू होता म्हणतात. शिवाय बीबीसीच्या नेहमीच्या साहेबी उच्चारांची नक्कल जर्मन निवेदक करू शकतील, पण यॉर्कशरच्या हेलाची नक्कल त्यांना जमणार नाही, असाही हिशेब त्यात होता असं सांगितलं जातं. हेतू काही असो, पिकल्स त्या खुर्चीवर फार काळ रमले नाहीत.

आता विचार करा. बातम्या त्याच होत्या, शब्द तेच होते, व्याकरणाची एकही चूक नव्हती. बदलले होते ते फक्त दोन-चार स्वर. तेवढ्यानं माणसं एवढी अस्वस्थ का झाली? आपण ज्याला ‘शुद्ध इंग्रजी’ म्हणतो, ती शुद्ध कोणी ठरवली? आज या प्रश्नाविषयी थोडं बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. बोलण्याला नावं ठेवताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टींची एकच मोट बांधतो. पहिली गोष्ट उच्चार किंवा हेल. तोच शब्द लिव्हरपूलचा माणूस एका तऱ्हेनं म्हणतो, ग्लासगोचा दुसऱ्या. दुसरी गोष्ट बोलीचं व्याकरण. यॉर्कशरमध्ये ‘आय वॉज’ऐवजी ‘आय वेअर’ ऐकू येतं, नॉरफॉकमध्ये ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पुस्तकी पथ्यं. वाक्याच्या शेवटी ‘टु’, ‘विथ’ असे शब्द आणू नयेत, ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये तिसरा शब्द घालू नये, वगैरे. या तिघांची कुळं वेगळी आहेत. म्हणून एकेकाची हकिकत स्वतंत्रपणे पाहू.

उच्चारापासून सुरुवात करू. त्यासाठी एका अक्षराची गोष्ट सांगतो. अक्षर आहे ‘र’. ‘कार’, ‘फोर्थ’, ‘फ्लोअर’ या शब्दांत लिहिताना ‘र’ आहे, पण लंडनचा सुशिक्षित माणूस तो उच्चारत नाही. एके काळी मात्र इंग्लंडभर तो उच्चारला जात होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन आणि आसपासच्या बोलण्यातून तो हळूहळू गळू लागला. स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात तो टिकून राहिला.

याच संधिकाळात जॉन कीट्स हा कवी कविता लिहीत होता. लंडनमध्ये भाड्यानं घोडे देणाऱ्या तबेल्याच्या व्यवस्थापकाचा हा मुलगा. १८१७ साली आलेल्या पहिल्या संग्रहात त्यानं ‘थॉट्स’ आणि ‘सॉर्ट्स’ या शब्दांचं यमक जुळवलं. त्याच्या कानाला ते जुळत होतं, कारण त्याच्या लंडनी तोंडात ‘सॉर्ट्स’मधला ‘र’ उरलाच नव्हता. पण एडिंबराच्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’नं त्याच्यावर आणि त्याच्या मित्रांवर ‘कॉकनी संप्रदाय’ असा शिक्का मारला. कॉकनी म्हणजे लंडनच्या गल्लीबोळातली भाषा. १८१८ साली त्याच नियतकालिकातून कीट्सला, कविता सोड आणि औषधांच्या दुकानात परत जा, असा सल्ला देण्यात आला. लिहिणारा लॉकहार्ट हा स्कॉटिश गृहस्थ होता. त्याच्या मुलखात ‘र’ ठणठणीत जिवंत होता.

पुढे काय झालं पाहा. १८६९ साली अलेक्झांडर एलिस या अभ्यासकानं इंग्लंडच्या शिष्ट उच्चारांना ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’ म्हणजे ‘मान्य उच्चार’ असं नाव वापरलं. १९१७ साली डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश आला. जगभर इंग्रजी शिकवणारे तो उशाशी घेऊन बसत. आणि या कोशातल्या शिष्ट उच्चारांत तो ‘र’ नव्हताच! ज्या यमकामुळे कीट्स गल्लीतला ठरला, ते यमक शंभर वर्षांत साहेबांच्या दिवाणखान्यातलं झालं. अक्षर तेच, आवाज तोच. फक्त तो कोणाच्या तोंडी बसला, एवढंच बदललं.

आता अटलांटिक ओलांडू. न्यूयॉर्कमध्येही जुन्या काळी ‘र’ गाळणं हे खानदानी मानलं जात होतं, कारण तिथल्या प्रतिष्ठितांचे कान इंग्लंडकडे लागलेले असत. दुसऱ्या महायुद्धानंतर वारं उलटं फिरलं. ‘र’ म्हणणं प्रतिष्ठेचं झालं आणि गाळणं गावठी. विल्यम लबॉव या तरुण भाषाशास्त्रज्ञानं १९६२ साली याची गमतीदार परीक्षा घेतली. न्यूयॉर्कमधली तीन मोठी दुकानं त्यानं निवडली. ‘सॅक्स’ श्रीमंतांचं, ‘मेसीज’ मध्यमवर्गाचं आणि ‘एस. क्लाइन’ स्वस्त मालाचं. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे, असं तो विक्रेत्यांना विचारी. उत्तर येई, ‘फोर्थ फ्लोअर’. मग ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारी. म्हणजे एकदा सहज आणि एकदा सावधपणे म्हटलेलं उत्तर त्याला मिळे. आडबाजूला जाऊन तो ते टिपून ठेवी. अशी २६४ माणसं झाली. ‘सॅक्स’मध्ये १०० पैकी ६२ जणांच्या बोलण्यात कमीअधिक ‘र’ होता, ‘मेसीज’मध्ये ५१ जणांच्या, तर ‘क्लाइन’मध्ये जेमतेम २० जणांच्या. पगाराचा नव्हे, गिऱ्हाइकाचा दर्जा विक्रेत्याच्या जिभेवर उतरला होता.

म्हणजे लंडनला ‘र’ गाळणारा शिष्ट आणि न्यूयॉर्कला ‘र’ गाळणारा गावंढळ! ध्वनीत स्वतःचा म्हणून काही मोठेपणा असता, तर असं घडलं नसतं. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेले प्रयोगही हेच सांगतात. एकाच माणसानं तोच मजकूर वेगवेगळ्या हेलांत वाचून ध्वनिमुद्रित करायचा आणि बोलणारी माणसं वेगळी आहेत असं समजणाऱ्या श्रोत्यांना विचारायचं, यातला हुशार कोण? ‘मान्य उच्चारा’त बोलला की तोच माणूस हुशार ठरे आणि बर्मिंगहॅमच्या हेलात बोलला की मंद. आपलेपणाचे, प्रामाणिकपणाचे गुण मात्र पुष्कळदा गावाकडच्या हेलाला मिळत. आणि ज्यांना ब्रिटनमधल्या या गावांची, तिथल्या गरिबी-श्रीमंतीची ओळखच नव्हती, त्या अमेरिकी-कॅनेडियन श्रोत्यांना हे हेल ऐकवले, तेव्हा ती वरखालची उतरंड त्यांना दिसलीच नाही. बर्मिंगहॅमचा हेल कानाला कुरूप नसतो. धुरकट कारखान्यांचं शहर मनात असतं, ते आपण त्या आवाजाला चिकटवतो.

आता व्याकरणाकडे येऊ. ‘आय डोन्ट नो नथिंग’ हे वाक्य घ्या. यात दोन नकार आहेत. शाळेत आपल्याला सांगितलं जातं की दोन नकारांचा होकार होतो, म्हणून हे चूक. पण चॉसरनं एका वाक्यात दोन काय, तीन-चार नकार घातलेले आहेत आणि शेक्सपिअरलाही दुहेरी नकाराचं वावडं नव्हतं. १७६२ साली रॉबर्ट लाउथ नावाच्या विद्वान धर्मगुरूनं इंग्रजीचं एक छोटं व्याकरण लिहिलं. दोन नकार एकमेकांना खोडतात, हा नियम त्या पुस्तकाद्वारे घरोघर पोचला. गणितात ते खरं आहे. पण भाषा गणित नव्हे. स्पॅनिश आणि रशियन भाषांत दुहेरी नकार हाच शुद्ध प्रयोग आहे, आणि त्यामुळे तिथे कोणाचा होकार-नकाराचा घोटाळा होत नाही. लंडनचा हमालही ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हणतो, तेव्हा त्याला सगळं माहीत आहे असं कोणी समजत नाही.

लाउथनंतर १७९५ साली लिंडली मरे यांचं व्याकरण आलं. हे मूळचे अमेरिकन वकील, प्रकृतीच्या कारणानं इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेले. त्यांच्या पुस्तकाचा खप अफाट होता. याच सुमारास ही पुस्तकं एवढी का खपली? कारण काळ बदलत होता. कारखाने, व्यापार यांमुळे हाती पैसा आलेला एक नवा वर्ग तयार होत होता. कपडे, बग्गी, बंगला विकत घेता येत होता. जन्मानं न मिळालेली भाषा मात्र शिकावी लागत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तर ‘एच’ या अक्षराचा उच्चार न चुकता कसा करावा, एवढ्यावरच पुस्तिका निघाल्या आणि खपल्या. ‘हाउस’ला ‘आउस’ म्हणणारा व्यापारी कितीही श्रीमंत असला तरी पकडला जाई. व्याकरण हा नव्या श्रीमंतांच्या दारावरचा पहारेकरी झाला.

बोलीला नियम नसतात, ही आपली समजूत तर साफ चुकीची आहे. प्रमाण इंग्रजीत ‘मायसेल्फ’, ‘युअरसेल्फ’ असे शब्द आहेत. म्हणजे ‘माझा’, ‘तुझा’ या अर्थाच्या शब्दाला ‘सेल्फ’ जोडलेला. याच चालीनं पुढे ‘हिजसेल्फ’ यायला हवं. अनेक बोलींत ते तसंच आहे. प्रमाण इंग्रजी मात्र ‘हिमसेल्फ’ म्हणून आपलाच नियम मोडते. बोलीतला माणूस ‘एन्ट’ म्हणाला की आपण नाक मुरडतो, पण ‘आय’च्या मागे ‘आर’ लावून ‘आर्न्ट आय’ म्हणणारा साहेब आपल्याला शुद्ध वाटतो. नियमितपणाच्या कसोटीवर मार्क द्यायचे ठरले, तर कित्येकदा गावाकडची बोलीच पहिली येईल.

राहिली पुस्तकी पथ्यं. वाक्य ‘विथ’ किंवा ‘टु’नं संपवू नये, ही हरकत ड्रायडन या कवीनं १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतली होती. ‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हे पथ्य तर एकोणिसाव्या शतकात रूढ झालं. लॅटिन ही त्या काळच्या विद्वानांची सोवळ्यातली भाषा. लॅटिनमध्ये ‘जाणे’ हा एकच शब्द असतो, तो तोडताच येत नाही. म्हणून इंग्रजीतही तोडू नये, असा काहीसा तो खाक्या. दुसऱ्याच्या अंगाचं माप घेऊन शिवलेला अंगरखा तो. तो इंग्रजीला कधी नीट बसला नाही.

या सगळ्यावर रेडिओनं मोहोर उठवली. बीबीसी १९२२ साली सुरू झाली. निवेदकांनी कोणता शब्द कसा उच्चारावा, हे ठरवायला १९२६ साली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पहिले अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, त्यांच्यानंतर जॉर्ज बर्नार्ड शॉ. गंमत बघा, ज्या शॉनं ‘पिग्मॅलियन’ नाटक लिहिलं, तोच या समितीवर! रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीचे उच्चार बदलले की ती सरदार-दरकदारांच्या मेजवानीत खपून जाते, हे या नाटकाचं कथासूत्र. १९१४ साली ते लंडनच्या रंगभूमीवर आलं. म्हणजे कुलीनता ही रक्तात नसून सहा महिन्यांच्या तालमीत आहे, हे शॉनं भर नाट्यगृहात सांगितलं. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याची ‘ती फुलराणी’ केली आणि भक्ती बर्वे यांनी ती घराघरांत पोचवली. भाषांतर करताना पु. लं.ना फार लांब जावं लागलं नाही. ‘न’ आणि ‘ण’ यांच्यामध्ये आपणही तोच पहारेकरी उभा केलेला होता.

इथवर ही करमणूक वाटेल. पण या पहाऱ्याची किंमत कोणीतरी मोजत असतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात काही कृष्णवर्णीय मुलं वाचनात मागे पडत होती. मुलं घरी बोलत ती इंग्रजी आणि शाळेची इंग्रजी यांत अंतर होतं. शाळेनं ते अंतर ओळखायच्या ऐवजी काही मुलांवर मंदबुद्धीसारखे शिक्के मारले. पालक न्यायालयात गेले. १९७९ साली न्यायालयानं निर्णय दिला की, वाचायला शिकवताना मुलांच्या घरच्या भाषेची दखल घेणं हे शाळांचं कर्तव्य आहे. लबॉव तिथे साक्षीला उभे होते. २०२४ साली ते वारले, पण भाषाशास्त्र शिकणाऱ्यांना हा खटला आजही शिकवला जातो. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात भेदभावाविरुद्ध संरक्षण देणारे नऊ आधार आहेत. वय आहे, अपंगत्व आहे, धर्म आहे, वंश आहे. बोलण्याचा हेल मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही.

मी हे सगळं एवढ्या आस्थेनं का वाचत बसलो, असं कोणी विचारेल. आमच्या घरात दखनी बोलली जायची आणि अंगणात मराठी. ‘स्कूल’, ‘स्टेशन’ हे शब्द घरात ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ असे यायचे. वर्गात मी तसं म्हणालो की हशा पिकायचा, मास्तरही हसायचे. पुढे बी.ए. झाल्यावर केव्हातरी कळलं की, स्पेनचा माणूसही शाळेला ‘एस्कुएला’ म्हणतो. शब्दाच्या आरंभी ‘स्क’, ‘स्ट’ अशी जोडाक्षरं आली की काही भाषांची जीभ आधी एक पायरी बांधून घेते. ती खोड नव्हे, ती घडण आहे. आज मराठीत कविता वाचल्यावर लोक प्रेमानं येऊन म्हणतात, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ त्यांचा हेतू निर्मळ असतो. पण माझ्या शेजारी बसलेल्या देशपांड्यांना हे वाक्य कोणी ऐकवत नाही, हेही मला दिसतं. पिकल्सचं दुःख मला कळतं ते त्यामुळे.

याचा अर्थ प्रमाण भाषा नकोच, असा मुळीच नाही. कायदा, औषधाची चिठ्ठी, परीक्षेचा पेपर, वर्तमानपत्र यांना सगळ्यांना समजेल असा एक सामाईक रस्ता लागतो. तो रस्ता प्रत्येक मुलाला मिळालाच पाहिजे; न मिळाला तर नुकसान गरिबाचंच होतं. ब्रिटनमध्ये १९८९ साली आलेल्या कॉक्स अहवालानं हाच मध्यम मार्ग सांगितला : प्रमाण इंग्रजी सर्वांना शिकवा, पण मुलाच्या घरच्या बोलीला हीन लेखू नका. शिवाय प्रमाण इंग्रजी कोणत्याही हेलात बोलता येते. पिकल्स तेच तर करत होते. सामाईक रस्ता हवा, पण तो बांधण्यासाठी कोणाचं घर पाडायला नको.

शेवटी माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत तो पुण्यात एका कॉल सेंटरवर रात्रपाळी करायचा. घरी समीर, रात्री ‘सॅम’. त्याला दोन महिने शिकवलं होतं की, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे काढायचे, ‘ट’ टाळूवर आपटायचा नाही, तुझी इंग्रजी कुठल्याच गावची वाटता कामा नये. हल्ली तर बोलणाऱ्याचा हेल बोलता बोलताच बदलून टाकणारी संगणकप्रणालीही निघाली आहे. एकदा सकाळी पाळीवरून आला तो हसतच. म्हणाला, ‘मामू, ट्रेनिंगमधली इंग्रजी बोलणारा एकपण इंग्रज भेटला नाही!’ त्या रात्री न्यूकॅसलच्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला होता. त्यांचं बोलणं याला समजेना. यानं तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्याच ओशाळून म्हणाल्या, ‘माझ्या बोलण्याबद्दल माफ कर बाळा, आम्ही इकडचे असंच बोलतो.’

‘मग तू काय म्हणालास?’ मी विचारलं.

‘मी म्हटलं, सॉरी तर मी म्हणायला पाहिजे मॅडम. मग आम्ही दोघं हळूहळू बोललो. काम झालं.’

एक बाई आपल्याच देशात, आपल्याच भाषेत बोलताना माफी मागते आणि हजारो मैलांवरचा एक मुलगा उसनी जीभ लावून तिची माफी मागतो. दोघांनाही हे ओशाळेपण कोणीतरी शिकवलेलं असतं. मात्र जरा हळू बोलण्याची आणि जरा नीट ऐकण्याची तयारी असली की काम होतं. त्या रात्रीही ते झालं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)